न विझणारा दिवा आणि चालते दप्तर

लॅपटॉपच्या कडेला मोहरीएवढा एक दिवा असतो आणि त्याच्याशेजारी पिंपासारखे चित्र. पुष्कळांनी ते कधी निरखून पाहिलेले नसते. ते पिंप म्हणजे एकावर एक रचलेल्या तबकड्यांची चवड. आतल्या तबकडीवर वाचणे किंवा लिहिणे चालू असले की दिवा लुकलुकतो, थांबले की विझतो. माझ्या लॅपटॉपचा हा दिवा दोनदा असा लागला की विझेचना. पहिल्यांदा २०१६ साली, दुसऱ्यांदा २०१९च्या महापुरानंतर. दोन्ही वेळा लक्षण एकच होते, दुखणे मात्र निराळे होते. दुसऱ्या वेळी ते मला ओळखता आले नाही आणि त्यापायी शिरोळ तालुक्यातल्या एका घराण्याच्या मोडी कागदांची काही पाने गेली. ती का गेली हे समजून घेताना त्या दिव्याचा इतिहास शोधावा लागला. गंमत अशी की त्यातला निम्मा इतिहास मला आधीपासून ठाऊक होता, फक्त तो पेशवाईच्या प्रकरणात वाचलेला होता.

तबकडीपासून सुरुवात करू. सप्टेंबर १९५६मध्ये आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक ३०५’ हे यंत्र बाजारात आणले. हे नाव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे, त्यांत ‘हिशेब’ हा शब्द आहे. त्याआधी हिशेबाची यंत्रे भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांवर चालत. एका ग्राहकाची बाकी पाहायची तर सगळा गठ्ठा ओळीने फिरवावा लागे. खतावणीतले हवे ते पान एकदम उघडता यावे, एवढीच रॅमॅकमागची इच्छा. ते घडवणाऱ्या गटाचा प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन मूळचा शाळामास्तर होता. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर मिनिटाला १,२०० वेळा फिरत आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत, म्हणजे मराठीतल्या मध्यम आकाराच्या दहा-अकरा कादंबऱ्या. वजन टनाच्या घरात. वाचणारा हात मात्र एकच. तो एका तबकडीच्या फटीतून बाहेर यायचा, वर किंवा खाली सरकायचा, दुसऱ्या फटीत शिरायचा आणि हवी ती नोंद फिरत समोर येईपर्यंत थांबायचा. एका खेपेला सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे.

तबकडी पुढे बशीएवढी झाली, मग लॅपटॉपमध्ये अडीच इंचांची झाली. साठवण लाखो पटींनी वाढली. पण हात अजून सरकतोच आणि तबकडी फिरत समोर येईपर्यंत थांबतोच. साध्या लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हात सरकण्याचा वेळ आणि अर्ध्या फेऱ्याची वाट धरली तर विखुरलेली एक नोंद आणायला १७-१८ मिलिसेकंद जातात. सेकंदाला पन्नास-पंचावन्न खेपा, त्यापलीकडे नाही. सत्तर वर्षांत खेपेचा वेळ जेमतेम तीस-पस्तीस पट कमी झाला. साठवणीच्या वाढीपुढे हे काहीच नाही, आणि दिव्याच्या गोष्टीचे मूळ या विषमतेत आहे.

आता थोडे पुण्याकडे जाऊ. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात, कंपनी सरकारच्या अमदानीतल्या नोंदींप्रमाणे, दोनशेच्या वर कारकून राबत. त्या दप्तराचे ढोबळ दोन भाग होते: चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. ज्या कागदांची रोज गरज पडते, फडावरचे हिशेब, सरंजाम, चिटणिशी, ते चालत्या दप्तरात. मागल्या वर्षांच्या जमा-खर्चाची एकत्र मांडणी एकबेरजेत. एकबेरीज दप्तर पुण्यातच राही, कारण त्याची तातडीने गरज लागत नसे. ही वाटणी वरवर पाहता साधी वाटते. पण बैठकीपुढचे मेज लहान आणि दप्तरखाना मोठा असला की कोणता कागद जवळ ठेवायचा आणि कोणता लांब, हा निर्णयच कारभाराचा वेग ठरवतो. नाना फडणविसांच्या काळात ही शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली, कागद कोणीही नेऊ लागले, हेही त्याच नोंदी सांगतात.

कोल्हापूरकरांना हे पाहायला पुण्याला जायला नको. १ मार्च १९४९ रोजी करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याचे दप्तर सरकारी पुरालेखागाराकडे आले. तिथे रुमाल सोडून बसलेल्या माणसाला मेजाची किंमत कळते. एक रुमाल पसरला की मेज भरते. संदर्भासाठी दुसरा हवा झाला तर पहिला बांधायचा, परत द्यायचा, दुसरा येईपर्यंत थांबायचे. दोन रुमालांतली पत्रे ताडून पाहायची असतील आणि मेजावर एकच मावत असेल तर दिवसभर बांधणे-सोडणेच होते आणि संध्याकाळी वहीत चार ओळी असतात. शिपाई मात्र दिवसभर धावलेला असतो. कुणी लांबून पाहिले तर म्हणेल, आज केवढे काम चालले आहे!

संगणकवाल्यांपुढे नेमकी ही अडचण साठाव्या दशकात उभी राहिली. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ‘अ‍ॅटलस’ नावाचा संगणक बांधला. तो १९६२च्या डिसेंबरात कार्यान्वित झाला. त्याची जलद स्मृती १६ हजारांवर शब्दांची होती आणि मागे फिरत्या पिंपावर, इथे खरोखरच पिंप होते, आणखी सुमारे ९८ हजार शब्द. किलबर्न यांच्या गटाने युक्ती केली. दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे प्रोग्रॅमला भासवायचे. मजकूर ५१२ शब्दांच्या ‘पानां’त कापायचा, लागेल ते पान पिंपावरून मेजावर आणायचे आणि जागेसाठी एखादे जुने पान मागे पाठवायचे. मेज लहान, पण कारकुनाला ते दप्तरखान्याएवढे वाटावे! आपल्या प्रत्येक संगणकात आजही हेच चालते. विंडोजमध्ये त्यासाठी डिस्कवर एक ‘पेजफाइल’ राखलेली असते.

युक्ती फार सुरेख होती, पण तिच्यात एक खड्डा होता. एकाच वेळी पुष्कळ कामे चालू केली की प्रत्येक कामाला त्याची पाने हवी असतात आणि ती सगळी मावत नाहीत. एकाचे पान आणायचे तर दुसऱ्याचे काढावे लागते, आणि ते काढल्या काढल्या दुसऱ्याला हवे होते. मग यंत्राचा सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. या अवस्थेला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात, म्हणजे झोडपणी. आपल्याकडे तिला पोलाची मळणी म्हणता येईल. खळ्यावर बैल फिरताहेत आणि खाली दाणा नाही. १९६८ साली पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने याची मीमांसा केली. त्याचे म्हणणे असे: प्रत्येक कामाला त्या-त्या घडीला लागणारा पानांचा एक छोटा संच असतो, त्याने त्याला ‘वर्किंग सेट’ म्हटले. तो संच अख्खा मेजावर मावत असेल तरच ते काम चालू करा. मावत नसेल तर थांबवून ठेवा. अर्धवट पाने देऊन दहा कामे एकदम हाकली तर दहाही बुडतात. ‘वर्किंग सेट’चे भाषांतर करायची वेळ आली तेव्हा मला दुसरा शब्द सुचेना. चालते दप्तर.

आता २०१६. शिरोळ तालुक्यातल्या मित्राच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत वाडवडिलांचे मोडी कागद होते: वतनाच्या वाटण्या, कर्जरोखे, एक महजर. ते त्याच्या घरी बसून मी स्कॅन केले आणि कोल्हापुरात लिप्यंतर करायला घेतले. दिवा लागला तो विझेना. एक ओळ टंकायची तर अक्षरे चहा पिऊन आल्यासारखी उमटत. पहिल्या दुकानात सांगितले, व्हायरस आहे, सगळे पुसून नव्याने घालू. राजारामपुरीतल्या एका गल्लीत जिन्याखाली बसणाऱ्या पोराने मात्र आधी रिसोर्स मॉनिटर उघडला. त्यात ‘हार्ड फॉल्ट’ नावाचा एक रकाना असतो. नाव भीतीदायक असले तरी त्याचा अर्थ इतकाच की मागितलेले पान मेजावर नव्हते आणि डिस्कवरून आणावे लागले. माझ्याकडे सेकंदाला शेकड्याने असे फॉल्ट चालले होते.

“सर, किती फोटो उघडं ठेवलाईसा एकदम?”

पंधरा-सोळा असतील. त्याने गणित करून दाखवले. ए-४ आकाराचे पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले की डिस्कवर ते दाबून लहान ठेवलेले असते, पण उघडल्यावर मेमरीत सुमारे १०० एमबी जागा खाते. माझ्या लॅपटॉपची सगळी मेमरी दोन जीबी. पंधरा पाने उघडली की मेज भरले, आणि विंडोजला स्वतःची पाने ठेवायला जागा नाही.

घरी येऊन मी पुढचे गणित केले. मेमरीतून शब्द उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद, डिस्कवरून आणायला १७ मिलिसेकंद. मेजावरचा कागद उचलायला एक सेकंद लागतो असे धरले तर डिस्कवरचा कागद यायला जवळजवळ दोन दिवस लागतात. जासुदाने कोल्हापुराहून मिरजेला पायी जावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यावे, इतके. आणि सेकंदाला शेकड्याने असे जासूद माझ्या एका ओळीसाठी पाठवले जात होते.

इलाज स्वस्त होता. मेमरी दोनची आठ जीबी केली आणि एका वेळी तीनच पाने उघडायची शिस्त लावून घेतली. दिवा विझला. त्या वर्षी महजर सोडून बहुतेक कागदांचे लिप्यंतर झाले. महजर मोठा होता, तो पुढच्यावर ढकलला.

मधल्या काळात या दिव्याबद्दल मी बरेच वाचले आणि त्यात एक वळण लक्षात आले. २००७च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आली, त्यानंतर दिवा मालक नुसता बसलेला असतानाही जळू लागला. सुपरफेच नावाची सोय तुम्ही काय उघडाल याचा अंदाज बांधून ते आधीच मेजावर आणून ठेवी. शोधासाठी सगळ्या फायलींची सूची करणारा एक कारकून मागे बसला. दर आठवड्याला विखुरलेले तुकडे जुळवण्याचे काम आपोआप सुरू होई. त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट. मालक झोपला की दप्तर लावून ठेवणारी ही मंडळी प्रामाणिकच होती, माझे त्यांच्याविषयी वाईट मत नाही. पण ज्या डिस्कला सेकंदाला पन्नास खेपाच जमतात तिच्यावर चौघे जण हुकूम सोडू लागले आणि लोकांना दिव्याची सवय झाली. माझ्या मते खरे नुकसान हे. पूर्वी जळता दिवा दिसला की माणूस दचकत असे. आता तो ‘चालायचंच’ म्हणू लागला. मीही म्हणू लागलो.

माझ्या लॅपटॉपमधली डिस्क २०१२च्या सुरुवातीची होती आणि महाग पडली होती. २०११च्या अखेरीस थायलंडमध्ये मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा वाटा तेव्हा तिथे तयार होई. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इन येथील कारखाना पाण्याखाली गेला, डिस्क फिरवणाऱ्या मोटारी बनवणारेही बुडाले आणि जगभर किमती चढल्या. चाओ फ्राया नदीच्या पुराची झळ राजारामपुरीच्या दुकानापर्यंत पोहोचली होती. तेव्हा ते मला वर्तमानपत्रातले कुतूहल वाटले.

ऑगस्ट २०१९मध्ये आमची पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. ती मागे टाकून पाणी कितीतरी वर गेले आणि शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या बाजूची गावे दिवसेंदिवस पाण्यात राहिली. मित्राचे घर माळ्यापर्यंत बुडाले. माणसे आणि जनावरे आधीच हलवली होती. ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली तेव्हा आत राखाडी लगदा होता. मी दिलेला पेन ड्राइव्हही त्याने, अस्सल कागदांजवळच नक्कल असावी म्हणून, त्याच ट्रंकेत ठेवला होता. तोही चालेना.

“तुझ्याकडं हाय न्हवं सगळं?” त्याने फोनवर विचारले. मी हो म्हणालो.

त्या रात्री लॅपटॉप उघडला, फोल्डर उघडला आणि दिवा लागला तो लागूनच राहिला. मी मनाशी म्हणालो, पुन्हा मेज भरले. सगळे बंद केले. विझेना. सूची करणारा कारकून थांबवला, सुपरफेच बंद केले. विझेना. रिसोर्स मॉनिटरही उघडला, आणि जे डोळ्यांसमोर होते ते वाचले नाही. डिस्क १०० टक्के कामात दिसत होती, पण दर सेकंदाला सरकणारा मजकूर जेमतेम काही केबी होता आणि एकेका मागणीला उत्तर यायला काही हजार मिलिसेकंद लागत होते. हार्ड फॉल्ट नाहीत, मेमरी अर्धी रिकामी. मेज भरलेले असते तर जासूद भराभर धावताना दिसले असते. इथे एकच जासूद दारात अडकून बसला होता.

तबकडीचा एखादा भाग क्षीण झाला की डिस्क तिथले वाचन पुन्हा-पुन्हा करून बघते. प्रत्येक प्रयत्नाला एक फेरा, ११ मिलिसेकंद. असे शेकडो फेरे एका तुकड्यापायी. बाहेरून दिसतो तो फक्त जळता दिवा. गुगलच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर पुढल्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे: बंद पडलेल्या डिस्कांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक डिस्कांनी आपल्या अंतर्गत नोंदीत कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. माझीने तर दिली होती. तिच्या ‘स्मार्ट’ नोंदीत वाचायला न जमलेल्या तुकड्यांची संख्या लिहिलेली होती, हे नंतर कळले.

मी काय केले? डिस्क तपासून खराब भाग दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा दिली आणि झोपलो. ती आज्ञा अख्खी तबकडी इंचन्‌इंच वाचत जाते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर रात्रभर हे चालले. पहाटे टक्‌-टक्‌ असा आवाज ऐकू आला, आणि सकाळी विंडोज सुरू झाली नाही.

जिन्याखालचा पोरगा आता पहिल्या मजल्यावर दुकान थाटून होता. त्याने आवाज ऐकला आणि लॅपटॉप ताबडतोब बंद केला.

“आधी नक्कल काढायची असती सर, मग दुरुस्ती. तुम्ही उलटं केलासा.”

त्याने डिस्क काढून लिनक्सच्या संगणकाला जोडली आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा प्रोग्रॅम लावला. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जे सहज वाचता येते ते तो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. अडखळला की हट्ट न करता ती जागा नकाशात टिपून पुढे जातो. सगळे सोपे हाती लागल्यावर मग टिपलेल्या जागांकडे वळतो, दोन्ही बाजूंनी कुरतडत. फाटक्या बाडावर जाणता मोडी वाचक असेच करतो. लागत नसलेल्या शब्दापाशी बसून न राहता पान संपवतो आणि मागे येतो. हे मी पंचवीस वर्षे करत आलो आहे, आणि डिस्कच्या बाबतीत नेमके विसरलो.

तीन दिवस ते चालले. २१४ पानांपैकी २०३ पूर्ण मिळाली, ७ अर्धवट, ४ गेली. अर्धवटांत महजराचे शेवटचे पान आहे. महजर म्हणजे गावसभेने साक्षीपुराव्यानिशी दिलेला निवाडा. त्याच्या तळाशी हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या असतात. ज्याला अक्षर येत नाही तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढतो: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. या पानावर निवाड्याच्या शेवटच्या ओळी स्वच्छ आहेत, त्याखाली नांगराचा फाळ आणि अर्धा दांडा दिसतो, आणि तिथून खाली सपाट करडा पट्टा. गावातली आणखी कोणकोण त्या दिवशी बसली होती, ते त्या पट्ट्यात आहे. अस्सल कागद लगदा होऊन गेला, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही.

नवा लॅपटॉप घेतला त्यात फिरणारी तबकडी नाही. चकतीच नाही म्हटल्यावर हात सरकत नाही, आवाज नाही, विखुरलेली नोंदही मिलिसेकंदाच्या एका अंशात येते. त्यावर दिवाही नाही. अशा डिस्का मरतात तेव्हा पुष्कळदा काही न सांगता मरतात, असे पोरगा म्हणाला. त्यामुळे आता २१० पानांच्या तीन नकला आहेत. एक माझ्याकडे, एक मित्राकडे, आणि एक त्याच्या मुलीकडे पुण्यात, कुठल्याच नदीच्या पूररेषेत न येणाऱ्या चौथ्या मजल्यावर. जुनी डिस्क कपड्यात गुंडाळून माझ्या कपाटात आहे. धूळविरहित खोलीत ती उघडून बघणारे लोक आहेत, पण त्यांनी सांगितलेली रक्कम मित्राच्या पडलेल्या भिंतीच्या खर्चाएवढी होती, आणि भिंत आधी बांधायची होती.

गेल्या वर्षी घर पुन्हा उभे राहिले. त्याने महजराच्या त्या शेवटच्या पानाची मोठी छपाई करून घेतली आणि चौकटीला दिली. खालचा रिकामा भाग कापून टाकू का, असे चौकटवाल्याने विचारले. मित्राने नको म्हणून सांगितले.